जवळ हवं, लागून नको

घर बदलायचं ठरलं की माणसाच्या अंगात नगररचनाकार संचारतो. कालपर्यंत ज्याला आपल्या बिल्डिंगमागच्या गल्लीचं नाव ठाऊक नव्हतं, तो पाहुण्यांसमोर 'कनेक्टिव्हिटी' आणि 'सोशल इन्फ्रा'वर पोहे गार होईपर्यंत बोलतो. आमच्याकडं हे संचारणं लेकीच्या शाळेमुळं झालं. तिला पहिलीत घालायचं होतं आणि बायकोनं जाहीर केलं, ''माझी मुलगी शाळेत चालत जाईल. मी गेले, तू गेलास, तीही जाईल.'' मी चालत गेलो हे खरं. पण त्यामागं काही तत्त्व नव्हतं, घरात सायकल एकच होती आणि ती वडील न्यायचे.

आम्ही राहत होतो ती टाउनशिप पुण्यात हायवेच्या पलीकडं, डोंगर कापून उरलेल्या जागेत. तिथं क्लबहाउस होतं, पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. कोथिंबीर नव्हती. कोथिंबिरीसाठी बेसमेंटमधून गाडी काढायची, प्रत्येक गेटावरच्या वॉचमनला हात करायचा, सर्व्हिस रोडनं यू-टर्नपर्यंत जायचं आणि जुडी मांडीवर ठेवून तसंच परत यायचं. दहा रुपयांच्या जुडीला तीस रुपयांचं पेट्रोल लागल्यामुळं आमच्या पोह्यांवर कोथिंबीर मोजून पडायची. चालायची हौस असलेल्यांसाठी आत एक ट्रॅक होता. त्यावर रोज संध्याकाळी शंभरेक माणसं गोल फिरायची आणि कोणीच कुठं पोचायचं नाही. शेजाराचं म्हणाल तर आई सांगायची, ''समोर कोण राहतं ते मी कुरिअरवाल्याला विचारते. त्याला सगळ्यांची खबर असते.''

बायकोनं वही काढून दोन रकाने आखले, 'हवं' आणि 'नको'. हवं: शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. भाजीवाला, वाणी, दवाखाना, वाचनालय, बाग, सगळं पायी. बोलके शेजारी. आईनं देऊळ घातलं. लेकीनं मांजर घातलं. मी मिसळ घातली, ती बायकोनं कोलेस्टेरॉलच्या कारणास्तव खोडली. मग नकोचा रकाना सुरू झाला. शाळा समोर नको, रिक्षांचा गोंगाट असतो. खाली दुकान नको, उंदीर येतात. बागेला लागून नको, पहाटे हास्यक्लब असतो. देवळाला लागून नको, उत्सवात स्पीकर असतो. शेजारी बोलके हवेत. पण दुपारी नकोत, रविवारी सकाळी नकोत आणि 'सहज डोकावले हो' म्हणणारे तर कधीच नकोत. तासाभरानं पाहिलं तर दोन्ही रकान्यांत त्याच गोष्टी होत्या, फक्त मधलं अंतर बदललं होतं. सगळं गाव आमच्या जवळ असावं आणि दुसऱ्याच्या खिडकीखाली असावं, एवढीच आमची माफक अपेक्षा होती.

वही घेऊन आम्ही एजंटाकडं गेलो. त्यानं ती आदरानं पाहिली, मिटली आणि बाजूला ठेवली.

''शाळा किती लांब?'' बायकोनं विचारलं.

''पाच मिनिटं, मॅडम.''

''मंडई?''

''पाच मिनिटं.''

''हॉस्पिटल?''

''पाचच.''

''आणि स्मशानभूमी?'' आईनं चाचपलं.

''तीपण पाचच मिनिटं आहे आजी, पण दिसत नाही.''

पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो नावाचे प्राध्यापक आहेत. शाळा, दुकान, दवाखाना, नोकरी असं सगळं घरापासून चालत किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत असावं, अशी कल्पना त्यांनी मांडली. तिथल्या तेव्हाच्या महापौर ॲन इदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत ती उचलून धरली आणि जगभर चर्चा झाली. पंधरा मिनिटांचं एवढं कौतुक! आमच्या एजंटानं अख्खं पुणे केव्हाच पाच मिनिटांत बसवून टाकलंय. आम्ही त्याची पाच मिनिटं तपासली. ती खोटी नव्हती. फक्त पहाटे पाचची, मोटारसायकलवरची आणि राँग साइडची होती.

आईच्या आग्रहाखातर सुरुवात पेठांपासून केली. शनिवारात एक जागा होती, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरलं की वाणी, शिंपी, घड्याळदुरुस्ती, वाचनालय, उदबत्ती, पत्रावळी आणि बुंदी पाडायचा झारा हे सगळं एका गल्लीत. ''गाडी कुठं लावता?'' मी घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, ''नदीपात्रात. तिथून चालत येतो. आमची प्रकृती उगाच चांगली नाहीये.'' मग जिन्यात थांबून त्यांनी भिंतीवर एक रेघ दाखवली. ''१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा पाणी इथवर होतं.'' एजंट घाईघाईनं माझ्या कानाशी लागला, ''सर, आता नाही येत!'' घरमालकांना मात्र त्या रेघेचा अभिमान होता. भाडेकरूनं रंग दिला तरी रेघ पुसायची नाही, असं कलम त्यांनी करारात घातलं होतं. आम्ही जवळजवळ हो म्हणणार, एवढ्यात एजंटानं हुकमाचं पान टाकलं. ''आणि गणपतीत, मॅडम, मिरवणूक गॅलरीतून दिसते. अगदी हाताला ढोल लागतो!'' बायकोनं वही उघडून 'नको'त नोंद केली.

मग प्रभात रस्ता. तिथं झाडं आहेत, शांत गल्ल्या आहेत, गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि माणसं खरोखर पायी चालताना दिसतात. बहुतेकांच्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला खानदानी कुत्रं. एजंटानं भाव सांगितला. बायकोनं ''किती?'' असं पुन्हा विचारलं आणि त्यानं पुन्हा तोच सांगितला. चालायला उत्तम अशा रस्त्यावर राहायचं, तर दारात दोन-तीन गाड्या उभ्या करण्याची ऐपत लागते, एवढं ज्ञान घेऊन आम्ही एकमेकांशी न बोलता परत फिरलो.

उरलं कोथरूड. इथं मी शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणं फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी मोकळी जागा चालणाऱ्याला हवी आणि फुटपाथची पायरी १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. पुणे महापालिकेनंही २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलेलं आहे. कागदोपत्री पुणेकर पादचारी राजा आहे. मी हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटरचा टेप आणला आणि वही काखेत मारून एका गजबजलेल्या रस्त्याच्या फुटपाथवर मापं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या पायरीलाच आई गुडघ्यावर हात टेकून ''हर हर महादेव'' म्हणाली. वर विजेचा डीपी. त्याच्यामागं गुलमोहर आणि त्याचा पार. पारावर शहाळीवाला. शहाळ्यांना टेकून स्कूटर आणि स्कूटरच्या बरोब्बर मधोमध 'येथे वाहने लावू नयेत' असा लोखंडी फलक, जो स्वतःच फुटपाथवर लावलेला होता. माणसासाठी दीड फूट उरत होतं. मी टेप ताणला, ओठात पेन्सिल धरली आणि आकडा लिहिला.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, ''अतिक्रमणवाले आले!''

पुढं जे झालं ते मी टेप तसाच ताणून बघत राहिलो. शहाळी पोत्यात गेली. चपलांचा स्टँड दुकानात सरकला. मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई पाटीसकट गल्लीत अंतर्धान पावली. मोबाइलची कव्हरं लटकवलेली छत्री आपोआप मिटली. चप्पलवाला हात पुसत आला.

''साहेब, नोटीस न देता?''

''अहो, मी घर बघतोय.''

''सगळे साहेब आधी असंच म्हणतात.'' आणि त्यानं माझ्या हातात एक शहाळं ठेवलं, मलई काढून.

मी नको म्हणालो. त्यामुळं त्याची खात्रीच पटली की प्रकरण वरपर्यंत गेलंय. दरम्यान फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला होता. लेक त्यावरून उड्या मारत गेली. बायको म्हणाली, ''बघ, चालता येतं की इथं!'' समोरच्या सोसायटीतून एक गृहस्थ लगबगीनं खाली आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, ''आठ अर्ज दिलेत मी, साहेब. आज आलात!'' आणि त्यांनी नववा अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. तो अर्ज अजून माझ्याकडंच आहे. कारवाई प्रलंबित आहे.

फुटपाथ संपला की रस्ता ओलांडावा लागतो. हा निराळा विषय. मेट्रोचं स्टेशन समोर दिसत होतं. वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही टीव्हीवर टाळ्या वाजवल्या होत्या. आता तेच स्टेशन शंभर पावलांवर होतं आणि मध्ये पौड रस्ता होता. आम्ही झेब्रा क्रॉसिंगवर उभे राहिलो. उभेच राहिलो. एक आजोबा आले, हातात कापडी पिशवी, तिच्यातून दुधीचं डोकं बाहेर. आमच्याकडं बघून ते म्हणाले, ''नवीन दिसता.''

''थांबतच नाही हो कोणी.''

''तुम्ही त्यांच्याकडं बघताय म्हणून. आपण बघितलं की त्यांना कळतं, यानं आपल्याला पाहिलंय, हा थांबेल. आपण बघायचंच नाही. मग त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नसेल.'' एवढं बोलून आजोबांनी दुधी आडवा धरला, मान आकाशाकडं केली आणि रस्त्यात पाय टाकला. बस थांबली. टँकर थांबला. एक बुलेट चक्क बंद पडली. आम्ही तिघं त्यांच्या सदऱ्याच्या आडोशानं पलीकडं गेलो. आई अलीकडंच राहिली होती. आजोबा परत जाऊन तिला घेऊन आले.

चालण्याची सर्वांना इतकी ओढ आहे की २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद. मधोमध रांगोळी, गाणी, मुलांचे खेळ. आम्हीही चालायला गेलो, अर्थात कारनं. आमच्यासारखे चालायला आलेले इतके होते की पार्किंग शोधता शोधता आम्ही नारायण पेठ, शनिवार पेठ आणि पुलापलीकडं डेक्कनपर्यंत जाऊन आलो. शेवटी जिथं जागा मिळाली तिथून लक्ष्मी रस्त्यापर्यंत जेवढं चाललो, तेवढं त्या रस्त्यावर चाललो नाही. मुलगी दमली होती. रिक्षा करून गाडीपर्यंत परत आलो.

आता शाळा. सरकारनं या बाबतीत मुलांच्या पायांवर पालकांपेक्षा जास्त विश्वास ठेवलाय. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याखाली केंद्रानं २०१० मध्ये जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं लिहिलंय. म्हणजे बायकोची अट भारत सरकारला मान्य होती. मान्य नव्हती ती नातेवाइकांना.

''कुठली शाळा बघितलीत?'' मावशींनी विचारलं.

''कोपऱ्यावरचीच. बाई छान आहेत, वर्गात तीसच मुलं, झाडाखाली शिकवतात.''

''चालत जाईल ती?'' मावशींचा आवाज खाली आला. ''बरे आहात ना तुम्ही? पैशाबिशाचं काही...''

शाळेचा दर्जा बसच्या मार्गावर ठरतो, हे मला तेव्हा उमगलं. ऑफिसात एक सहकारी सांगतो, ''आमचा पिंट्या पावणेसातला बसमध्ये बसतो,'' आणि त्याच्या चेहऱ्यावर मुलानं एव्हरेस्ट सर केल्याचा भाव असतो. दुसरा लगेच म्हणतो, ''आमची सव्वासहाला.'' पहिला खचतो. सातच्या पुढं बसणाऱ्या मुलांचे पालक या चर्चेत पडत नाहीत. शाळा शहराच्या जेवढ्या बाहेर तेवढी ती आंतरराष्ट्रीय. आणखी थोडी लांब गेली तर ती साताऱ्यात जाईल, पण तोवर तिची फी लंडनला पोचलेली असते.

आम्ही तशाही एका शाळेत गेलो. मुलांची चाचणी घेऊन प्रवेश द्यायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून तिथं चाचणी नव्हती, 'गप्पा' होत्या. लेकीला एक चॉकलेट देऊन खेळायला बसवलं आणि गप्पा आमच्याशी झाल्या.

''मुलीला रोज किती वेळ देता?'' मॅडमनी हसत विचारलं.

''दोन तास,'' मी म्हणालो.

''अर्धा,'' बायको त्याच क्षणी म्हणाली.

''बाबा घरी आला की फोन बघतो,'' कोपऱ्यातून चॉकलेट खात लेक म्हणाली. ''पण फोन बघताना मला मांडीवर घेतो. ते धरायचं का?''

मॅडमनी काहीतरी लिहिलं. आम्ही कोपऱ्यावरच्या शाळेचा फॉर्म भरला.

घरही त्याच गल्लीत मिळालं. जुनी सोसायटी, तीन मजले, कोथरूड म्हणावं तर कोथरूड आणि लग्नाच्या पत्रिकेत घालताना एरंडवणे घातलं तर पोस्टमन आक्षेप घेत नाही, अशा सीमेवर. सामान चढवत होतो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं.

''कुठले तुम्ही?''

''हायवेच्या पलीकडून आलो.''

''ते नव्हे. मूळचे?''

''सांगलीचे.''

''सांगलीत कुठं?'' आई पुढं सरसावली. फ्रिज जिन्यातच थांबला. हमाल त्याला टेकून उभे राहिले आणि फ्रिज वर पोचेपर्यंत काकू आणि आई एकमेकींच्या नात्यात निघाल्या, काकूंच्या जावेच्या माहेरकडून. जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवरच्या फुटपाथाचं निरीक्षण करून १९६१ साली पुस्तक लिहिलं, की रस्त्यावर माणसांच्या नजरा असल्या म्हणजे वस्ती सुरक्षित राहते. काकू हे काम गॅलरीतून मटार सोलता सोलता करतात आणि आवृत्ती रोज निघते. लेक शाळेतून किती वाजता आली, वाटेत कुठल्या मांजरापाशी रेंगाळली, मी खाली जाऊन मिसळ खाल्ली की फक्त चहा घेतला, हे सगळं बायकोला माझ्या आधी कळतं. शेजारी बोलके हवेत, हे आम्हीच वहीत लिहिलं होतं.

शाळा तर इतकी जवळ की घंटा ऐकून निघालं तरी चालतं. लेक पहिल्या दिवशी चालत गेली. दुसऱ्या दिवशीही. मग लक्षात आलं की शाळेच्या फाटकासमोर स्कूटर, रिक्षा आणि मोठ्या गाड्यांची अशी काही गर्दी असते की लहान मुलाला तिथून चालवणं धोक्याचं आहे. एका आईंना विचारलं, ''तुम्ही कुठून येता?'' त्यांनी बोट दाखवलं. समोरची बिल्डिंग. ''मग चालत का नाही?'' त्या म्हणाल्या, ''एवढ्या गाड्यांतून?'' हे पटण्यासारखं होतं. आता आम्हीही स्कूटरनंच सोडतो. स्कूटर लावायला जागा मिळते ती आमच्या घराच्या दारात, म्हणून ती तिथंच लावून लेकीला पुढं हात धरून नेतो. पण सोडतो स्कूटरनंच.

गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, हजेरीपट. विषय पहिला: गेटाशेजारचं अमृततुल्य. तिथं सकाळपासून माणसं उभी असतात, हसतात, गाड्या लावतात, वस्तीची शांतता भंग पावते, सबब ते हटवावं. सेक्रेटरी म्हणाले, ''अनुमोदन नवीन सभासदांनी द्यावं, म्हणजे ओळख होईल.'' मी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. काकूंनी तर टाळ्या वाजवल्या.

पत्राचा मसुदा लगेच करावा असं ठरलं. बोलून बोलून सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून सेक्रेटरी, खजिनदार आणि अनुमोदक या नात्यानं मी, असे तिघं अमृततुल्यात जाऊन बसलो. चहावाल्या मामांनी न विचारता तीन कप पुढं सरकवले आणि फडक्यानं टेबल पुसलं, कागद ओला होऊ नये म्हणून.

''आमच्याविरुद्धच ना?'' त्यांनी विचारलं. ''लिहा, लिहा. 'ज्येष्ठ नागरिकांना त्रास' घातलंत का? शेजारच्या सोसायटीनं घातलं होतं.''

''राहिलंच की!'' सेक्रेटरी म्हणाले आणि समासात बाण काढून त्यांनी ते घातलं.

''धुराचं पण लिहितात.''

''पण मामा, तुमची शेगडी गॅसची आहे.''

''असू दे हो. बघायला कोणीतरी येईल ना वॉर्डातून, तो चहा पिऊनच जाईल. आणि वर जावक क्रमांक टाका. शेजारच्यांचं पत्र त्यावाचून परत आलं होतं. बिचाऱ्यांना पुन्हा सभा घ्यावी लागली.''

सेक्रेटरींनी जावक क्रमांक टाकला, सही केली आणि खजिनदारांसाठी बिनसाखरेचा आणखी एक सांगितला. मी खिशात हात घातला, तर मामांनी मला थांबवलं. ''तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नसेल,'' ते म्हणाले. ''सभेनंतरचा चहा सोसायटीच्या खात्यावर असतो.''